मुगाची पेरणी आणि खत यांचा एकत्रित विचार: जमिनीच्या तयारीपासून काढणीपर्यंत

खरीप मुगाचे पीक ६० ते ७० दिवसांत निघते, त्यामुळे त्याला झालेली चूक सावरायला वेळ मिळत नाही. कापूस किंवा तूर सुरुवातीला मागे पडली तरी पुढे भरपाई करते; मुगात पहिले तीस दिवस गेले की पीक हातातून गेल्यासारखेच असते. तरीही मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशात मूग बहुधा उरलेल्या तुकड्यात, उरलेल्या खतावर आणि घाईत पेरला जातो. पेरणी कोणत्या पद्धतीने करायची हे अवजारावरून ठरते आणि खत कोणते घालायचे हे दुकानात काय शिल्लक आहे त्यावरून. हे दोन निर्णय वेगवेगळे घेतले जातात, आणि माझ्या मते मुगाचे उत्पादन घटण्याचे मोठे कारण तिथेच आहे. खत बियाण्यापासून किती अंतरावर पडले, ओळींमधून पाणी निघून गेले का, मुळांना हवा मिळाली का, यांवर त्या खताचा उपयोग ठरतो. म्हणून या लेखात पेरणी आणि खत यांचा विचार एकत्रच केला आहे.

आधी नत्राचा हिशेब

मुगाच्या दाण्यात सुमारे २४ टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांमध्ये सुमारे १६ टक्के नत्र (नायट्रोजन) असते. म्हणजे हेक्टरी १० क्विंटल मूग झाला, तर केवळ दाण्यातून सुमारे ३८ किलो नत्र शेताबाहेर जाते. पाने, खोड आणि मुळे यांत लागणारे नत्र याशिवाय. आपली शिफारस मात्र हेक्टरी २० किलो नत्र आणि ४० किलो स्फुरद (फॉस्फरस) अशी आहे. मधली तफावत काही प्रमाणात जमीन भरून काढते आणि उरलेली मुळांवरच्या गाठींमध्ये राहणारे रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र स्थिर करून भरून काढतात. मुगाचे नत्र प्रामुख्याने गाठीतून यायचे असते, हे एकदा मनाशी पक्के झाले की पेरणीची पद्धत आणि खतमात्रा निवडणे सोपे होते, कारण प्रत्येक निर्णयाला एकच कसोटी लावता येते: यामुळे गाठींना मदत होईल की अडथळा?

गाठींच्या तीन गरजा आहेत. पहिली गरज योग्य जिवाणूंची, दुसरी स्फुरदाची आणि तिसरी हवेची. हवेतील नत्र वापरण्याजोगे करण्याच्या क्रियेला भरपूर ऊर्जा लागते. नत्राच्या एका रेणूसाठी एटीपी या ऊर्जावाहक पदार्थाचे किमान १६ रेणू खर्च होतात, आणि स्फुरद हा एटीपीचा घटक असल्यामुळे स्फुरद कमी पडले की गाठी लहान व निष्क्रिय राहतात. हवेची गरज तर शेतात डोळ्यांनी दिसते. काळ्या जमिनीत दोन दिवस पाणी साचले की मूग पिवळा पडतो, कारण मुळांना आणि गाठींना प्राणवायू मिळत नाही.

याच नत्राची दुसरी बाजूही आहे. जमिनीत तयार नत्र मुबलक असेल, तर झाड गाठी पोसण्याचा खर्च करत नाही. युरियाची जादा मात्रा दिलेल्या मुगाची पाने गर्द हिरवी होतात, झाड उंच वाढते, शेजारच्या शेतकऱ्याला पीक उत्तम दिसते. पण फुलोरा लांबतो, शेंगा कमी लागतात आणि दाट पाल्यात भुरी, म्हणजे पानांवर पांढरी भुकटी आणणारा बुरशीचा रोग, वाढते.

जमीन आणि शेणखत

मध्यम ते भारी, पण निचरा होणारी जमीन मुगाला मानवते. चोपण आणि पाणथळ जमीन टाळावी. उन्हाळ्यात एक नांगरणी आणि वखराच्या किंवा कुळवाच्या दोन पाळ्या पुरेशा होतात. शेवटच्या पाळीच्या आधी हेक्टरी ५ टन चांगले कुजलेले शेणखत पसरावे. शेणखत ओले किंवा अर्धवट कुजलेले असेल तर ते मुगाला न देता आधीच्या पिकाला द्यावे, कारण ते कुजताना सुरुवातीला जमिनीतील नत्र ओढून घेते आणि त्यातून तणांचे बीही शेतात येते.

माती परीक्षण केलेले असेल तर त्यातील दोन आकडे आवर्जून पाहावेत: सामू (पीएच) आणि उपलब्ध स्फुरद. आपल्याकडील बऱ्याच काळ्या जमिनी चुनखडीच्या आहेत आणि त्यांचा सामू ८ च्या आसपास असतो. अशा जमिनीत मातीत मिसळलेले स्फुरद चुन्याशी बांधले जाते आणि पिकाला थोडेच मिळते. म्हणूनच पुढे जिथे खत ‘ओळीत द्यावे’ असे लिहिले आहे, तिथे ते पसरून देऊ नये, ही कळकळीची विनंती आहे.

वाण, बियाण्याचे प्रमाण आणि उगवण चाचणी

महाराष्ट्रात कृषी विद्यापीठांचे पडताळलेले वाण उपलब्ध आहेत. मराठवाड्यासाठी परभणी कृषी विद्यापीठाच्या बदनापूर संशोधन केंद्राचे बीएम ४, बीएम २००२-१ आणि बीएम २००३-२ हे वाण ओळखीचे आहेत; राहुरी विद्यापीठाचा वैभव आणि अकोला विद्यापीठाचे पीकेव्ही ग्रीन गोल्ड व एकेएम ८८०२ हेही पेरले जातात. चांगल्या व्यवस्थापनात या वाणांची उत्पादनक्षमता साधारणपणे हेक्टरी १० ते १२ क्विंटल धरली जाते. आपल्या भागात भुरीचा त्रास असेल किंवा काढणीच्या वेळी पाऊस हमखास येत असेल, तर रोगास सहनशील आणि शेंगा एकाच वेळी पक्व होणारा वाण निवडावा.

बियाणे हेक्टरी १२ ते १५ किलो, म्हणजे एकरी ५ ते ६ किलो लागते. हा आकडा कुठून येतो हे समजून घेतले तर तो आपल्या बियाण्यानुसार बदलता येतो. ओळींमध्ये ३० सेंटिमीटर आणि दोन रोपांमध्ये १० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास हेक्टरी ३ लाख ३३ हजार झाडे बसतात. हजार दाण्यांचे वजन ३५ ग्रॅम असेल तर शंभर टक्के उगवणीला पावणेबारा किलो बियाणे लागेल आणि ८० टक्के उगवणीला साडेचौदा किलो. घरचे बियाणे वापरणाऱ्याने शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण आधीच पाहावी. प्रमाणित मुगाच्या बियाण्याची किमान उगवण ७५ टक्के असावी लागते. त्यापेक्षा कमी निघाल्यास प्रमाण वाढवण्यापेक्षा बियाणे बदलणे शहाणपणाचे, कारण कमी उगवणाऱ्या बियाण्याची जी रोपे येतात तीही बहुधा अशक्त असतात.

बीजप्रक्रिया

बीजप्रक्रियेत क्रम महत्त्वाचा आहे. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी जिवाणू संवर्धक. रासायनिक बुरशीनाशक नको असेल तर ट्रायकोडर्मा किलोला ५ ग्रॅम या प्रमाणात चोळावा. ज्या भागात पांढरी माशी आणि तिच्यामुळे पसरणारा पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग दरवर्षी येतो, तिथे शिफारस केलेल्या कीटकनाशकाची बीजप्रक्रिया वगळू नये. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे रोपे रसशोषक किडींपासून सांभाळली जातात.

त्यानंतर १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम रायझोबियम आणि २५० ग्रॅम स्फुरद विरघळवणारे जिवाणू लावावेत. एक लिटर पाण्यात सव्वाशे ग्रॅम गूळ विरघळवून ते पाणी पूर्ण थंड करावे, त्यात संवर्धक कालवावे आणि बियाण्यावर शिंपडून हलक्या हाताने चोळावे. मुगाची साल नाजूक असते, जोराने चोळल्यास ती सुटते. बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. रायझोबियमच्या पाकिटावर पिकाचा गट छापलेला असतो आणि मुगासाठी चवळी गटाचेच पाकीट घ्यावे. सोयाबीनचे जिवाणू वेगळे असतात. घरात उरले आहे म्हणून ते मुगाला लावल्यास उपयोग होत नाही. पाकिटावरील वापरण्याची अंतिम तारीख पाहावी, आणि दुकानदाराने ते उन्हात ठेवले असेल तर घेऊ नये.

पेरणी कधी करावी

मृग किंवा आर्द्रा नक्षत्रात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्यावर वाफशावर, म्हणजे माती ओली पण चिखल नसलेली असताना, पेरणी करावी. जूनचा दुसरा पंधरवडा सर्वांत चांगला आणि जुलैचा पहिला आठवडा ही व्यवहारातली शेवटची मर्यादा मानावी. त्यानंतर पेरलेल्या मुगाची कायिक वाढ कमी होते, फुलोऱ्याच्या वेळी भुरीला पोषक हवामान मिळते आणि खत कितीही नीट दिले तरी ती तूट भरून निघत नाही. पाऊस लांबला असेल तर जुलैच्या मध्यात मूग पेरण्यापेक्षा दुसरे पीक निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उन्हाळी मूग फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत पेरावा. यापेक्षा उशीर झाल्यास काढणी मान्सूनपूर्व पावसात सापडते.

पेरणीच्या पद्धती

फेकून पेरणी आजही काही ठिकाणी, विशेषतः छोट्या तुकड्यात केली जाते. त्यात बियाणे जास्त लागते, हे नुकसान सर्वांना दिसते; खरे नुकसान दुसरेच आहे. वखराने बी झाकताना काही दाणे एका सेंटिमीटरवर राहतात आणि काही आठ सेंटिमीटरपर्यंत जातात. वरचे दाणे लवकर उगवतात किंवा उन्हाने वाळतात, खालचे चार-पाच दिवसांनी अशक्त होऊन वर येतात. ही असमानता शेवटपर्यंत टिकते: फुलोरा मागेपुढे, शेंगा मागेपुढे आणि तोडणीला दोनाऐवजी चार फेऱ्या. शिवाय ओळींमधले तण काढणारे कोळपे चालवता येत नाही आणि खत ओळीत देण्याचा प्रश्नच उरत नाही, त्यामुळे चुनखडीच्या जमिनीत स्फुरदाचा बराचसा खर्च वाया जातो. दुसरा पर्याय असेल तर फेकून पेरणी करू नये.

तिफण, पाभर किंवा ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने ओळीत पेरणी ही खरी पायाभूत पद्धत आहे. ओळींमध्ये ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि बी ४ ते ५ सेंटिमीटर खोल पडावे. मुगाची दले उगवताना जमिनीच्या वर येतात, म्हणून खोल पडलेल्या किंवा वरून पापुद्रा धरलेल्या मातीतून वर येताना कोंबाची मान मोडते. पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन माती आवळली असेल, तर कोंब वर येण्यापूर्वी पापुद्रा हलक्या हाताने फोडावा.

दोन चाड्यांची (बी आणि खत सोडायची वेगळी नरसाळी असलेली) पाभर किंवा खतपेटी असलेले यंत्र वापरण्याचा आग्रह मी धरतो, कारण त्यात खत बियाण्याच्या खाली आणि थोडे बाजूला पडते. कोंबाचे मूळ दोन-तीन दिवसांत तिथे पोहोचते आणि स्फुरद मातीत बांधले जाण्याआधीच उचलते. याउलट एकाच चाड्यात बी आणि डीएपी (नत्र व स्फुरद दोन्ही देणारे खत) किंवा सुपर फॉस्फेट मिसळून पेरण्याची प्रथा अनेक गावांत आहे. त्यात दोन गोष्टी बिघडतात. खतातील क्षारांमुळे कोवळी मुळे भाजतात, आणि बियाण्याला लावलेले रायझोबियम खताच्या संपर्कात मरून जाते. रायझोबियम लावूनही गाठी आल्या नाहीत अशी तक्रार आली की पहिला प्रश्न हाच विचारावा: बी आणि खत एकत्र पेरले होते का?

भारी काळ्या जमिनीत आणि पावसाची खात्री असलेल्या भागात रुंद वरंबा सरी पद्धत सर्वांत भरवशाची ठरते. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने काळ्या जमिनीसाठी ही पद्धत विकसित केली आणि आता महाराष्ट्रात ती बीबीएफ या नावाने सोयाबीनमुळे घरोघरी पोहोचली आहे. एका वरंब्यावर मुगाच्या तीन किंवा चार ओळी बसतात आणि दोन्ही बाजूंना सरी राहते. जोराच्या पावसात जादा पाणी सरीतून निघून जाते आणि पावसाचा खंड पडला तर सरीत मुरलेली ओल उपयोगी पडते. वरंब्यावरची माती भुसभुशीत राहत असल्याने मुळांना हवा मिळते. सोयाबीनसाठी घेतलेले यंत्र मुगाला वापरताना बियाण्याची चकती बदलावी, ओळींचे अंतर तपासावे आणि खतपेटी स्वतंत्रपणे मोजून घ्यावी. मुगाचा दाणा लहान असल्याने सोयाबीनच्या चकतीतून बियाणे भसाभस पडते.

बीबीएफ यंत्र मिळाले नाही तर पट्टा पेर करावी. सहा ओळी पेरून सातवी रिकामी ठेवायची आणि पेरणीनंतर तीन आठवड्यांनी डवऱ्याला दोरी गुंडाळून त्या रिकाम्या ओळीत सरी पाडायची. झाडांची संख्या थोडी कमी होते, परंतु काठाच्या ओळींना उजेड आणि हवा अधिक मिळते व फवारणीसाठी फिरायला वाट राहते. खर्च जवळजवळ नाही, म्हणून कोरडवाहू लहान शेतकऱ्याला मी ही पद्धत प्रथम सुचवतो.

टोकण पद्धतीत बियाणे वाचते आणि अंतर अचूक राहते, पण मजुरी पाहता ती बीजोत्पादनाच्या किंवा ठिबकवरील छोट्या क्षेत्रापुरतीच परवडते.

अंतर ३० ऐवजी ४५ सेंटिमीटर ठेवावे का, हा प्रश्न नेहमी येतो. मोकळ्या अंतरावर प्रत्येक झाडाला फांद्या आणि शेंगा जास्त येतात आणि बांधावरून पाहणाऱ्याला पीक भारदार वाटते. पण ४५ बाय १० वर हेक्टरी २ लाख २२ हजार झाडेच बसतात, म्हणजे एक तृतीयांश झाडे कमी. लवकर निघणारे आणि उभट वाढणारे वाण ही तूट फांद्यांनी भरून काढू शकत नाहीत. खोल सुपीक जमिनीत पसरट वाण असेल तर ४५ सेंटिमीटरचा विचार करावा. एरवी ३० सेंटिमीटर ठीक. उन्हाळ्यात झाडे लहान राहतात, त्यामुळे ओळी ३० सेंटिमीटरपेक्षा लांब नेऊ नयेत आणि बियाणे एकरी किलो-दोन किलो जादा धरावे.

आंतरपिकात मूग कापसाच्या दोन ओळींमध्ये, तुरीबरोबर किंवा ज्वारीबरोबर घेतला जातो. इथे खताची चूक हमखास होते. कापसाला साधारण महिन्याने युरियाचा हप्ता दिला जातो आणि नेमक्या त्याच वेळी मुगाच्या गाठी भरात असतात. युरिया सरसकट फेकल्यास मुगाच्या गाठींचे काम मंदावते आणि त्या खतातला कापसाचा वाटाही मूग खातो. म्हणून युरिया कापसाच्या ओळीलगत, बांगडी पद्धतीने (झाडाभोवती गोल) किंवा ओळीच्या दुसऱ्या बाजूला देऊन मातीने झाकावा.

खत: किती, कोणते आणि कसे

हेक्टरी २० किलो नत्र आणि ४० किलो स्फुरद म्हणजे एकरी ८ किलो नत्र आणि १६ किलो स्फुरद. पोत्यांच्या भाषेत ही मात्रा तीन प्रकारे बसवता येते. एकरी दोन पोती, म्हणजे १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १७ किलो युरिया घेतल्यास मात्रा नेमकी बसते आणि वर एकरी सुमारे ११ किलो गंधक फुकट मिळते. डीएपी वापरायचे तर एकरी ३५ किलोत स्फुरदाची गरज भागते आणि सहा किलोंच्या थोडे वर नत्र मिळते. १२:३२:१६ हे खत एकरी एक पोते दिल्यास १६ किलो स्फुरद, ६ किलो नत्र आणि ८ किलो पालाश (पोटॅश) जाते.

या तिन्हींत माझी पसंती सुपर फॉस्फेटला आहे, आणि त्याचे कारण गंधक. मुगाच्या प्रथिनांत गंधकयुक्त घटक असतात. गंधक कमी पडल्यास नत्र असूनही प्रथिने तयार होण्यात अडथळा येतो आणि नवी पाने फिकट दिसतात. डीएपी किंवा १२:३२:१६ घेतल्यास एकरी ८ किलो गंधक वेगळे द्यावे. सुपर फॉस्फेट दाणेदारच घ्यावे, कारण भुकटी दमट हवेत यंत्राच्या नळ्यांत अडकते आणि ओळीच्या ओळी खताविना राहतात. ट्रॅक्टरचालक वेगाने निघून जातो आणि हे आपल्या लक्षात पिकाच्या उंचीवरूनच येते. म्हणून पेरणीच्या वेळी प्रत्येक फेरीला नळीखालची माती बोटाने उकरून खत पडते आहे का ते पाहावे.

संपूर्ण खत पेरणीच्या वेळीच द्यायचे आहे. सुरुवातीचे २० किलो नत्र रोपाला गाठी कामाला लागेपर्यंतचे दोन-तीन आठवडे सांभाळण्यासाठी असते. शेणखत भरपूर घातलेल्या किंवा आधीच्या पिकाला जोरात खत दिलेल्या जमिनीत वेगळ्या युरियाची गरज नसते. माती परीक्षणात जस्त कमी आढळल्यास हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट द्यावे, मात्र ते सुपर फॉस्फेट किंवा डीएपीमध्ये मिसळून देऊ नये; आधीच्या पाळीला जमिनीत द्यावे.

पहिले तीस दिवस

उगवणीनंतर आठ-दहा दिवसांनी एक मीटर लांबीची दोरी किंवा काठी घेऊन शेतात पाच-सहा ठिकाणी ओळीवर ठेवावी आणि रोपे मोजावीत. मीटरमध्ये दहा रोपे असणे योग्य. पंधरा-सोळा असतील तर विरळणी करावी आणि सहा-सातच असतील तर लगेच नांग्या भराव्यात, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी लावावे. दहाव्या दिवसानंतर भरलेली नांगी मागे पडते आणि शेजारची झाडे तिला दाबून टाकतात.

मुगाचा तणांशी मुख्य झगडा पहिल्या महिन्यात असतो. पहिली कोळपणी किंवा डवरणी १५ ते २० दिवसांनी आणि दुसरी २५ ते ३० दिवसांनी करावी, अधेमधे एक खुरपणी पुरेशी होते. मजूर टंचाई असलेल्या भागात पेरणीनंतर, उगवणीपूर्वी पेंडिमिथॅलिनची फवारणी लेबलवरील मात्रेने करता येते, परंतु त्यासाठी जमिनीत ओल हवी. तरीही कोळपणी टाळू नये. कोळप्याने पावसाने दडपलेली माती मोकळी होते आणि गाठींपर्यंत हवा पोहोचते. तणनाशक हे काम करू शकत नाही.

गाठ तपासणे

पेरणीनंतर साधारण तिसाव्या दिवशी, फुलकळी दिसू लागताना, ही तपासणी करावी. शेताच्या निरनिराळ्या भागांतून पाच झाडे निवडावीत. झाड ओढून काढू नये, गाठी तुटून मातीत राहतात. खुरप्याने किंवा फावड्याने मातीच्या ढेकळासह उचलून ते बादलीतल्या पाण्यात थोडा वेळ ठेवावे आणि माती विरघळू द्यावी. मुख्य मुळाच्या वरच्या भागावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या किंवा किंचित लहान टपोऱ्या गाठी दिसल्या पाहिजेत. एक गाठ नखाने कापून पाहावी. आतला रंग गुलाबी किंवा लालसर असेल तर ती गाठ नत्र स्थिर करत आहे. हा रंग आपल्या रक्तातील लोहद्रव्याशी साधर्म्य असणाऱ्या लेगहिमोग्लोबिन या द्रव्याचा असतो. आत पांढरा किंवा हिरवट रंग असेल तर गाठ अजून कामाला लागलेली नाही किंवा तिचे काम संपले आहे.

जे दिसेल त्यावरून निदान करावे. गाठी भरपूर आणि गुलाबी असतील, तर पीक थोडे फिकट वाटले तरी युरिया देऊ नये. गाठी खूप पण बारीक आणि आतून पांढऱ्या असतील, तर स्फुरद मिळाले नाही किंवा पाणी साचले होते. गाठीच नसतील आणि झाड मात्र गर्द हिरवे असेल, तर जमिनीत नत्र जास्त आहे. गाठी नाहीत आणि खालची पानेही पिवळी असतील, तर जिवाणू लागलेले नाहीत; अशा वेळी या हंगामापुरता फवारणीतून नत्राचा आधार द्यावा आणि पुढच्या वर्षी बीजप्रक्रिया सुधारावी.

पिवळेपणाची कारणेही वेगळी ओळखता आली पाहिजेत, कारण मूग पिवळा पडला की हात आपोआप युरियाच्या पोत्याकडे जातो. नत्राच्या कमतरतेत खालची जुनी पाने आधी पिवळी होतात. चुनखडीच्या जमिनीत लोह मिळाले नाही तर कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात, त्यासाठी ०.५ टक्के फेरस सल्फेटची फवारणी करावी. पिवळ्या मोझॅकमध्ये पानांवर गडद पिवळे आणि हिरवे चट्टे एकमेकांत मिसळलेले असतात आणि सुरुवातीला तशी झाडे शेतात विखुरलेली दिसतात; ती तत्काळ उपटून नष्ट करावीत व पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करावा. पाणी साचल्याने आलेला पिवळेपणा सखल भागात सलग दिसतो. तिथे आधी चर काढून पाणी बाहेर काढावे, वाफसा आल्यावर कोळपणी करावी आणि गरज वाटल्यास २ टक्के युरिया फवारावा.

फुलोऱ्यातील फवारणी

शेंगा भरू लागल्या की झाडाचे अन्न दाण्याकडे वळते आणि गाठींचे पोषण घटते. नेमक्या गरजेच्या वेळी नत्राचा पुरवठा कमी होतो. जमिनीतून खत देण्याची ही वेळ नव्हे, परंतु पानांतून दिलेले थोडे अन्न झाड झटकन घेते. फुलोऱ्यात २ टक्के युरियाची आणि शेंगा भरताना २ टक्के डीएपीची फवारणी करावी, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम. डीएपी आदल्या रात्री पाण्यात भिजवून सकाळी वरचे पाणी गाळून घ्यावे, नाहीतर नोझल बुजते. एकरी २०० लिटर पाण्यातून ४ किलो युरिया म्हणजे दोन किलोंहूनही कमी नत्र जाते; जमिनीत टाकलेल्या ४५ किलोंच्या एका गोणीत वीस किलोंवर नत्र असते. फवारणीने गाठींना धक्का न लागता पिकाला आधार का मिळतो, ते या दोन आकड्यांवरून लक्षात येईल. पावसाचा खंड पडल्यास १ ते २ टक्के पोटॅशियम नायट्रेटची फवारणी ताण सहन करायला मदत करते. सर्व फवारण्या सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर कराव्यात.

संरक्षित पाणी असेल तर फुलोरा आणि दाणे भरणे या दोन अवस्था चुकवू नयेत. उन्हाळी मुगाला जमिनीनुसार ८ ते १० दिवसांच्या अंतराने पाणी लागते. एका वेळी भरमसाट पाणी देण्यापेक्षा सारे लहान ठेवून हलके पाणी द्यावे.

आपल्याच शेतात पडताळणी

शिफारस सरासरी परिस्थितीसाठी असते आणि आपले शेत सरासरी असेलच असे नाही. म्हणून पेरणीच्या वेळी शेजारी शेजारी चार पट्टे आखावेत: एक खताविना, एक फक्त सुपर फॉस्फेटचा, एक पूर्ण शिफारशीचा आणि एक नेहमीच्या आपल्या पद्धतीचा. वाण, पेरणीची तारीख आणि अंतर सर्वत्र सारखे ठेवावे. पट्टे उताराला समांतर घ्यावेत, म्हणजे सखल भागाचा परिणाम एकाच पट्ट्यावर होणार नाही. तिसाव्या दिवशी प्रत्येक पट्ट्यातील गाठी आणि काढणीला प्रत्येकी एका गुंठ्यातील दाण्याचे वजन वहीत लिहावे. फक्त सुपर फॉस्फेटचा पट्टा पूर्ण शिफारशीच्या बरोबरीने आला, तर आपल्या जमिनीला युरिया लागत नाही हे आपल्याच मातीने सांगितलेले असते.

काढणी आणि मागे राहणारे नत्र

जूनच्या उत्तरार्धात पेरलेला मूग पोळ्याच्या सुमारास काढणीला येतो आणि तो काळ पावसाचा असतो. तीन चतुर्थांश शेंगा काळ्या किंवा तपकिरी झाल्या की पहिली तोडणी करावी आणि उरलेल्या आठ-दहा दिवसांनी तोडाव्यात. सर्व शेंगा वाळण्याची वाट पाहिल्यास एका झडीत दाणे शेंगेतच मोड धरतात आणि बाजारात डागी माल म्हणून भाव पडतो. तोडलेल्या शेंगा ढीग न करता पातळ पसराव्यात.

शेंगा तोडल्यानंतर झाडे उपटून बांधावर टाकू नयेत, कारण मुळे, गाठी आणि पाला यांतील नत्र पुढच्या पिकाचे आहे. हिरवे राहिलेले पीक वखराने किंवा रोटाव्हेटरने जमिनीत गाडावे आणि रब्बी ज्वारीच्या पेरणीपूर्वी ते कुजायला दोन-तीन आठवडे द्यावेत. रोगट झाडे मात्र गाडू नयेत. मुगाच्या बेवडावर, म्हणजे मूग निघालेल्या शेतात, ज्वारी पेरताना नत्राचा पहिला हप्ता थोडा कमी करून एका पट्ट्यात पडताळून पाहावा. त्याच जागेवर पुढच्या खरिपात लगेच मूग किंवा उडीद न घेता एखादे तृणधान्य किंवा कापूस घ्यावा, म्हणजे मुगावरील रोग आणि किडींचे चक्र तुटते.